पाणी रॉडच्या वाटेनं शिरतं

वेगानं पळणाऱ्या मोटारबोटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या पातळीशी, धातूच्या दोन फळ्या बिजागरीनं बसवलेल्या असतात. त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. फळी खाली झुकली की बोटीचा मागचा भाग उचलला जातो आणि नाक खाली येतं. बोट एका अंगाला कलली असेल तर एकच फळी हलवून ती सरळ करता येते. ही फळी ढकलणारा दांडा पुष्कळ बोटींवर इलेक्ट्रिक लिनिअर ॲक्चुएटरचा असतो. एका नळीत छोटी डीसी मोटर, गिअर, लांब स्क्रू, स्क्रूवर सरकणारा नट आणि नटाला जोडलेला रॉड, एवढाच त्याचा संसार. मोटर फिरली की रॉड बाहेर येतो, प्लस-मायनस उलटे केले की आत जातो. हॉस्पिटलचा पलंग उचलणारं आणि सोलर पॅनेल सूर्याकडे वळवणारं यंत्रही हेच. पलंगाखालच्या ॲक्चुएटरवर फार तर फिनाइलचं पाणी उडतं. ट्रिम टॅबचा मात्र खाऱ्या पाण्यातच नांदतो.

खरेदी करताना पहिला प्रश्न असतो, ‘किती किलो उचलेल?’ आणि दुसरा, ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ दोन्हींची उत्तरं दुकानात चटकन मिळतात, पण त्यांनी फारसं काही ठरत नाही. समुद्रातला ॲक्चुएटर ताकद कमी पडून सहसा मरत नाही. आत पाणी गेल्यानं मरतो. पाण्याला शिरायला मुख्य वाटा दोनच असतात: एक रॉडची, दुसरी वायरची. निवड करायची ती या दोन जागा पाहून. बहुतेक गैरसमज मात्र माणसाचं लक्ष दुसरीकडेच नेतात.

‘आयपी ६८ आहे, म्हणजे समुद्रात चालेल’

आयपीचे आकडे आयईसी ६०५२९ या मानकातून येतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ६८ म्हणजे त्याहून कडक परीक्षा, पण किती कडक ते उत्पादक आणि ग्राहकानं आपसांत ठरवायचं असतं. त्यामुळे दीड मीटरवर तासभर तगलेला ॲक्चुएटर आणि ५० मीटरवर कायम राहणारा ॲक्चुएटर, दोघांच्याही अंगावर ६८ छापलेलं असू शकतं. सोबत खोली आणि वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा वाचून न वाचल्यासारखाच.

शिवाय ही चाचणी साध्या पाण्यात होते. मीठ, वाळू, मुंबई बंदरातला गाळ यांचा तिच्याशी संबंध नाही. रॉड स्थिर होता की चालू, हेही विचारावं लागतं. काही उत्पादक दोन वेगळे आकडे देतात, आणि चालतानाचा कमी असतो. ते प्रामाणिक म्हणायचे.

आता एक बारकावा, जो दुकानात कुणी सांगत नाही. ६७ च्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा अशी अट आहे. प्रत्यक्षात काय होतं? बोट उन्हात उभी असते, ॲक्चुएटर चालून तापलेला असतो, आतली हवा ७० अंशांवर गेलेली असते. बोट पाण्यात उतरते आणि नळी २८ अंशांच्या पाण्यानं गार पडते. बंद नळीतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर उतरतो. या हिशेबानं तो सुमारे १२ टक्क्यांनी पडतो. म्हणजे सव्वा मीटर पाण्याइतकी ओढ सीलवर येते, ॲक्चुएटर पृष्ठभागापासून वीतभरच खाली असला तरी. दर वेळी थेंबभर पाणी आत ओढलं जातं. तो थेंब परत बाहेर येत नाही.

आणि ६९के हा आकडा ६८ च्या वरचा वर्ग आहे, हाही भ्रमच. ती ८० अंशांच्या गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची चाचणी आहे, धुलाईसाठी. ६७ किंवा ६८ मिळालेली वस्तू फवाऱ्यात टिकेलच असं नाही, आणि ६९के मिळालेली बुडवून टिकेलच असंही नाही. म्हणून जाणते उत्पादक दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात.

‘एसएस आहे, गंजणार कसा?’

दुकानदार रॉडला लोहचुंबक लावून दाखवतो. चिकटला नाही, म्हणजे माल अस्सल. या प्रयोगातून एवढंच कळतं की स्टील ऑस्टेनिटिक जातीचं आहे. ३०४ आणि ३१६ या त्या जातीतल्या दोन्ही प्रतींना चुंबक जवळपास चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी झुंजायला हेच मॉलिब्डेनम उपयोगी पडतं. ते आहे की नाही हे थेंबभर रसायन टाकून पाहायची छोटी किट मिळते. चुंबक खिशात ठेवावा आणि ती वापरावी.

पण ३१६ घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. स्टेनलेस स्टील टिकतं ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर दुरुस्त व्हायला ऑक्सिजन लागतो. सीलच्या ओठाखाली अडकलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, नवा येत नाही, क्लोराइड साचत जातं, पाणी आम्लधर्मी होतं. बिघडलेला ॲक्चुएटर उघडून रॉड हातात घ्या: सगळा चकचकीत, आणि नेमक्या सील बसतं तिथल्या कड्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळपट खड्डे. नखाला ते जाणवतात. रॉड आतबाहेर होताना त्या खड्ड्यांच्या कडा सीलचा ओठ कापतात. मग रबराला दोष दिला जातो, नवं सील बसवलं जातं आणि तेही लवकरच जातं, कारण रॉड तोच असतो.

खड्डे पडण्याला विरोध मोजायला प्रेन नावाचा एक आकडा वापरतात. तो ३०४ चा १९ च्या आसपास, ३१६ चा २५ च्या आसपास, ड्युप्लेक्स २२०५ चा ३५ च्या आसपास. कायम समुद्रात राहणाऱ्या भागांना ४० च्या वरचा मागतात, म्हणजे सुपर ड्युप्लेक्स, नाहीतर मग थेट टायटॅनियम. फेरीनंतर पाण्याबाहेर निघणाऱ्या आणि गोड्या पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या बोटीला ३१६ पुरतं. खाडीत बाराही महिने उभ्या बोटीच्या रॉडवर मात्र माझ्या मते काटकसर करू नये. नळी हवी तर साध्या धातूची घ्या.

‘५०० तास सॉल्ट स्प्रे पास’ या जाहिरातीचंही असंच. ३५ अंशांच्या पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडून ही चाचणी होते. दोन लेपांची तुलना करायला ती ठीक. त्या तासांची वर्षं करता येत नाहीत.

‘खोल पाण्यासाठी जाड, भक्कम नळी हवी’

हे ऐकायला इतकं पटतं की अभियंतेही फसतात. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. २० मिलिमीटर जाडीच्या रॉडच्या टोकाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. १० मीटर खोलीवर समुद्र त्या रॉडला ३ किलोच्या आसपास जोरानं आत ढकलतो. दखल घ्यायचं कारण नाही. १०० मीटरवर ३२ किलो. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी ज्या ६,००० मीटरसाठी बांधते आहे, तिथे हाच रॉड जवळपास १,९०० किलोनं आत दाबला जाईल. नळी कितीही जाड केली तरी हे ओझं कमी होत नाही, कारण ते रॉडवर आहे. ॲक्चुएटरची सगळी ताकद समुद्राशी भांडण्यातच जाईल.

म्हणून खोल पाण्यात सहसा उलटी युक्ती करतात. नळीत हवा ठेवायचीच नाही, तेल भरायचं, आणि त्या तेलाला रबरी पिशवीतून बाहेरच्या पाण्याचा दाब लागू द्यायचा. आत जेवढा दाब तेवढाच बाहेर, उलट स्प्रिंग लावून आतला किंचित जास्त ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर तेल बाहेर जाईल, पाणी आत येणार नाही. सीलला पाचशे-सहाशे बारचा फरक सोसावा लागत नाही आणि नळी पातळ चालते. मत्स्यचा माणसं बसण्याचा गोल मात्र ८० मिलिमीटर जाड टायटॅनियमचा आहे, कारण माणसाला तेलात ठेवता येत नाही.

उथळ पाण्यातही आतल्या हवेचा हिशेब सुटत नाही. २० मिलिमीटरचा रॉड २०० मिलिमीटर बाहेर आला की नळीतली ६३ मिलिलिटर जागा रिकामी होते. टोक बोटानं बंद करून सिरिंजचा दट्ट्या ओढला तर जे होतं तेच इथे होतं. आत २५० मिलिलिटर हवा असेल तर दाब २० टक्क्यांनी पडतो आणि सीलवर २ मीटर पाण्याइतकी ओढ येते. चांगल्या रचनेत केबलबरोबर बारीक नळी वर कोरड्या जागेपर्यंत नेलेली असते, म्हणजे ॲक्चुएटरला श्वास घेता येतो.

तेलाच्या बाबतीत एक अडचण सांगायला हवी. साध्या ब्रशवाल्या मोटरमध्ये तेल भरलं तर ब्रश तेलाच्या थरावर तरंगतात आणि कार्बनची भुकटी तेल काळं करते. तेलात ब्रशलेस मोटर हवी. म्हणजे खर्च वाढला.

‘पाण्यात आहे, तापणार कशाला?’

तापते ती मोटरची वाइंडिंग, आणि ती व पाणी यांच्यामध्ये हवा असते. हवेतून उष्णता नीट जात नाही. माहितीपत्रकात १० टक्के ड्युटी सायकल लिहिली असेल, म्हणजे २ मिनिटं चालू आणि १८ मिनिटं बंद, तर पाण्याखालीही तेच पाळायचं.

‘करंट बंद केला की जागच्या जागी राहतो’

लीड स्क्रूचा बहुधा राहतो, कारण त्याच्यात घर्षण भरपूर. बॉल स्क्रूचा, म्हणजे ज्यात नट आणि स्क्रू यांच्यामध्ये गोळ्या फिरतात त्याचा, राहत नाही. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात, लाटेच्या धक्क्यानं तो मागे फिरतो. त्याला ब्रेक लागतो. ‘कमी करंट खातो’ म्हणून बॉल स्क्रू घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

‘वायर काय, कुठलीही चालते’

१२ व्होल्टचा, १० अँपिअर घेणारा ॲक्चुएटर बॅटरीपासून १० मीटरवर असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तांब्यात सव्वादोन व्होल्ट गळतात. रॉड मंदावतो, दोष मोटरला दिला जातो. ४ चौरसची वायर ओढा, किंवा २४ व्होल्टचा ॲक्चुएटर घ्या.

त्याहून वाईट प्रकार दिसत नाही. केबलच्या वेष्टनाला कुठे ओरखडा पडला तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून वर चढत जातं आणि थेट मोटरपाशी निघतं. रॉडचं सील कोरं करकरीत, आणि आत हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं. केबल नळीत शिरते तिथे इपॉक्सी भरलेली असावी, तारा कल्हई केलेल्या असाव्यात, आणि जोड पाण्याखाली देऊ नये.

खरं तर खरेदीची यादी काढण्याआधीच एक विचारायला हवं: ॲक्चुएटर पाण्यात जायलाच हवा का? पाण्यातली झडप किंवा फळी लांब दांड्यानं हलवता येत असेल तर मोटर डेकवर ठेवावी. दांडा पाण्यात गंजला तरी बदलता येतो. पण बोटीवर पेट्रोल इंजिनाच्या खणात मोटर बसवणार असाल तर ती ठिणगीसुरक्षित आहे का, आयएसओ ८८४६ प्रमाणे तपासलेली आहे का, हे पाहा.

आणि ट्रिम टॅबसारखं ज्याला पाण्यातच राहायचं आहे, त्याचा रॉड बोट उभी असताना बाहेर ठेवू नये. खडकाला आणि तळाला चिकटणारे कवचधारी बार्नकल उघड्या रॉडवरही घर करतात, आणि पुढच्या वेळी रॉड आत ओढला की त्यांचं कठीण कवच सीलवरून खरवडत जातं. म्हणून काही कंट्रोलर किल्ली बंद होताच दोन्ही रॉड आपोआप पूर्ण आत घेतात. ज्यात ही सोय नाही त्या बोटीवर इंजिन बंद करण्याआधी स्विच दाबून रॉड आत घ्यावा, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण बाहेर काढून परत घ्यावा.