इशाऱ्याचे मोल

जुलै 2017 मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या आनंदगाव येथील शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात जी फिर्याद नेली, तिच्यासारखी फिर्याद पोलिसांच्या दप्तरात क्वचितच आढळेल. कारण तिचा रोख चोरी-दरोड्यावर नसून हवामान खात्याच्या अंदाजावर होता. चांगल्या पावसाचे भाकीत ऐकून आम्ही पेरणी केली, पावसाने दडी मारली आणि बी-बियाण्यांवर केलेला खर्च मातीमोल झाला, असे त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे होते. ही हकीकत पुष्कळांनी हसण्यावारी नेली. परंतु शास्त्रीय दृष्टीने तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. त्या वर्षी जूनमध्ये खात्याने वर्तविलेला अंदाज संपूर्ण देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा, सरासरीच्या 98 टक्के असा होता, आणि मोसम सरल्यावर देशाची गोळाबेरीज 95 टक्के भरली. म्हणजे अपेक्षित चुकीची मर्यादा लक्षात घेता खात्याचा हिशेब चुकला नव्हता, आणि आनंदगावचा शेतकरी बुडाला हेही असत्य नव्हते.

मृगाची पहिली सर पडल्यावर बालाघाटाच्या पायथ्याशी तिफण धरून उभ्या असलेल्या कुणब्याला देशाच्या सरासरीशी कर्तव्य नसते. आज पेरले तर पुढचे पंधरा दिवस पाऊस उघडीप देईल की काय, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलुखात एका मंडळात ओढे वाहतात, तर शेजारच्या मंडळात धूळ उडते. म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ दरवर्षी देतात. तो पाळला न गेल्यास दुबार पेरणीचे संकट ओढवते. मग प्रश्न असा की, हा सल्ला किती जणांनी ऐकला आणि किती जणांनी पाळला, याची मोजदाद कोणी ठेवतो काय?

आपल्या सरकारी व्यवस्थेत मोजले जाते ते पाठविलेल्या संदेशांची संख्या. परंतु इशारा सुटणे आणि इशारा उपयोगी पडणे यांमध्ये निदान चार पायऱ्या आहेत : तो कानी पडला पाहिजे, त्याचा अर्थ उमगला पाहिजे, तो पटला पाहिजे, आणि पटल्यावर तदनुसार वागणे शक्य असले पाहिजे. केवळ अंकगणितासाठी असे धरू की, प्रत्येक पायरीवर शंभरांतील ऐंशीच लोक पुढे सरकतात. तर शंभर कुटुंबांपैकी पहिल्या पायरीनंतर 80, दुसरीनंतर 64, तिसरीनंतर 51 आणि अखेरीस अवघी 41 कुटुंबे कृतीपर्यंत पोहोचतात. एकाही पायरीवर मोठे अपयश नाही, तरी निम्म्याहून अधिक गाव इशाऱ्याच्या लाभावाचून राहिले.

यांतील तिसरी पायरी, म्हणजे विश्वासाची, सर्वांत निसरडी. अमेरिकेत 1884 साली फिनली नामक अधिकाऱ्याने चक्री झंझावातांचे अंदाज वर्तविले आणि ते 96.6 टक्के अचूक ठरल्याचे जाहीर केले. त्यावर टीकाकारांनी दाखवून दिले की, रोज डोळे मिटून ‘झंझावात येणार नाही’ एवढेच म्हटले असते, तरी अचूकता 98.2 टक्के भरली असती. फिनलीने झंझावाताची सूचना शंभर वेळा दिली, त्यांपैकी 28 सूचना खऱ्या ठरल्या आणि 72 फुकट गेल्या. झंझावात आले पण सूचना नव्हती, असे प्रसंग 23. लोकांच्या स्मरणात राहतात ते हे दोन शेवटचे आकडे.

चौथ्या पायरीचे उदाहरण विजेचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास कडाडणाऱ्या विजांची खबर मोबाईलवर देते. झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या छताखाली जा, हा उपदेशही त्यासोबत असतो. परंतु पाटोदा-आष्टीकडील उघड्या माळावर शेरडे राखणाऱ्या गुराख्याला दृष्टीच्या टप्प्यात एकच आडोसा असतो आणि तो लिंबाच्या झाडाचा. त्याने इशारा ऐकला, समजला, मानलाही, जाणार कोठे? अशा माणसाला ‘इशारा न पाळणारा’ या रकान्यात घालणे म्हणजे मोजमापाच्या नावाखाली अन्याय करणे होय.

बीडपुरती आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली लक्षावधी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि फडाशेजारच्या कोपीत राहतात. अवकाळी पावसाचा इशारा बीडच्या गावात पोहोचल्याची नोंद झाली तरी तिथे घरी असतात म्हातारीकोतारी माणसे, आणि ज्यांच्या कोपीत पाणी शिरायचे ते कोणत्याच गावाच्या यादीत नसतात.

सन 2027 पर्यंत जगातील प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचे छत्र लाभावे, असा संकल्प संयुक्त राष्ट्रांनी 2022 साली सोडला आहे. दर लाख लोकसंख्येमागे किती जणांपर्यंत इशारा पोहोचतो, ही संख्याही 2015 च्या सेंडाई आपत्तिनिवारण आराखड्यानुसार मोजावयाची असते. ती आवश्यक आहे; पण ती पहिल्या पायरीची संख्या आहे. पुढील पायऱ्या मोजावयाच्या तर इशाऱ्यानंतर थोड्याच दिवसांत घरोघर जाऊन विचारले पाहिजे : खबर कोणाकडून कळली, केव्हा कळली, काय केले, आणि केले नसल्यास का नाही? शिवाय माणूस स्वतःविषयी बरे तेच सांगतो, म्हणून त्याचे उत्तर पेरणीच्या तारखांशी आणि बियाण्यांच्या खरेदीशी ताडून पाहिले पाहिजे.

नुकसान झाल्यावर तलाठ्याने पंचनामा करावा, ही आपली जुनी वहिवाट आहे आणि ती योग्यच आहे. तिच्या जोडीला प्रत्येक ग्रामपंचायतीने इशाऱ्याचाही पंचनामा करावा आणि तो चावडीवर जाहीर वाचून दाखवावा. खर्च एका वहीचा आहे. आनंदगावच्या शेतकऱ्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, कारण त्यांचे गाऱ्हाणे लिहून घेणारी अशी वही कोठेच नव्हती.