हरिपाठ आणि आशेची मोजपट्टी

लोणावळ्याहून सुटलेली पुणे लोकल मळवली, कामशेत, कान्हे करत वडगावला येते, तोवर दारात उभं राहायलाही जागा उरलेली नसते. कॉलेजची पोरं. कुणी आकुर्डीला उतरणार, कुणी शिवाजीनगरला. बॅगेत पोलीस भरतीचं गाइड, हातात मोबाइल आणि काहींच्या गळ्यात तुळशीची माळ. मावळात या माळेचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या मुलांचं धर्मशिक्षण शाळेच्या वेळापत्रकात नसतं, ते गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात होतं. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. दहा-बारा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा टाळ घेऊन मागच्या रांगेत उभं राहतं आणि पुढच्याच्या पायांकडे बघत पावली टाकतं. ताल चुकला की शेजारचा कोपरानं ढोसतो. काही सप्ताह असे गेले की हरिपाठ तोंडपाठ होतो आणि आणखी काही वर्षांनी तोच मुलगा पुढच्या रांगेत येतो.

हाच मुलगा पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला, किंवा भरतीत दोन गुणांनी हुकला, तर सप्ताहात कधीही न गेलेल्या मित्रापेक्षा तो जास्त उमेद धरून राहतो का? प्रश्न भाबडा वाटेल, पण मानसशास्त्रात तो गांभीर्यानं विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ हॅरॉल्ड कोनिग यांनी २०१२ साली धर्म आणि आरोग्य या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. धार्मिकता आणि आशा यांचा संबंध तपासणारे ४० अभ्यास त्यांना सापडले. त्यांतल्या २९ अभ्यासांत धार्मिक माणसं जास्त आशावान निघाली.

एवढ्यावर थांबलं तर कीर्तनकार खूश आणि विज्ञान लेखकाचं कामही सोपं. पण आधी आशा मोजतात कशी, हे पाहिलं पाहिजे.

कॅन्सस विद्यापीठातले सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर आशेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत १२ विधानं असतात. चार विधानं उभारीची: ठरवलं ते मी नेटानं करतो, या धर्तीची. चार मार्गांची: अडकलो तर बाहेर पडायच्या वाटा मला सुचतात, अशी. उरलेली चार निव्वळ भरीची, म्हणजे उत्तर देणाऱ्याला रोख कळू नये म्हणून घातलेली. त्यांचे गुण धरत नाहीत. स्नायडर यांच्या लेखी 'सगळं ठीक होईल' असं वाटणं म्हणजे आशा नव्हे. ध्येय पाहिजे, तिथवर जायच्या वाटा दिसल्या पाहिजेत आणि त्या वाटांवर चालायचा दम पाहिजे. यातलं एक नसेल तर गुण घसरतात. त्यांच्या चमूनं कॉलेजात नव्यानं दाखल झालेल्या दोनशेहून अधिक मुलांचे हे गुण घेऊन सहा वर्षं त्यांचा माग ठेवला. प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा प्रभाव वजा केल्यावरही आशेचे गुण जास्त असलेल्यांचे पुढचे निकाल सरस होते आणि त्यांच्यात पदवी पूर्ण करणारेही जास्त निघाले.

ही मोजपट्टी धर्मशिक्षणाला लावली की पहिली अडचण समोर येते. सप्ताहातून उभारी मिळते हे पटकन पटतं. वाटा कुठून मिळणार? ज्ञानेश्वरी पाठ असली म्हणून विद्यापीठाचा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कसा भरायचा ते कळत नाही.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८८ साली याच गाठीवर बोट ठेवलं. संकटात सापडलेली भाविक माणसं तीन तऱ्हांनी वागतात, असं त्याला दिसलं. काही सगळं देवावर सोडून बसतात. काही म्हणतात, देवानं बुद्धी दिली आहे, आता माझं मी बघतो. तिसरे देवाला जोडीदार मानतात. दोघं मिळून काम करायचं. यांतल्या पहिल्या, हात जोडून बसणाऱ्या तऱ्हेच्या लोकांत स्वतःच्या कर्तबगारीवरचा विश्वास कमी आढळला आणि बाकीच्या दोन्हींत जास्त. तिघंही एकाच देवळात जात असतील, एकाच रांगेत टाळ वाजवत असतील. 'तुम्ही धार्मिक आहात का?' या एका प्रश्नात हा फरक सापडत नाही, आणि बऱ्याच पाहण्या तर तेवढाच प्रश्न विचारून थांबतात. पुढे पार्गामेंटच्या चमूनं आजारी वृद्धांचा दोन वर्षं माग घेतला. देवानं मला टाकलं, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. धर्माचा संस्कार आशा देतो तसा ती काढूनही घेऊ शकतो. 'हे तुझ्या पापाचं फळ' असं नापास पोराला ऐकवणारा बुवा कोणत्या बाजूला बसतो, ते सांगायला नको.

मग शिकवणीतल्या मजकुराचा परिणाम होतो का? यावर एक गमतीदार अभ्यास आहे. शीना सेठी (पुढे निवडीच्या मानसशास्त्रासाठी नावाजलेल्या शीना अय्यंगार) आणि मार्टिन सेलिगमन यांनी १९९३ मध्ये नऊ धर्मपंथांतल्या सहाशेहून अधिक लोकांचा आशावाद मोजला. नुसती माणसं मोजून ते थांबले नाहीत, त्या पंथांच्या प्रार्थना आणि प्रवचनंही त्यांनी तपासली. कट्टर पंथांतले लोक उदारमतवाद्यांपेक्षा जास्त आशावादी निघाले आणि त्यांची प्रवचनंही जास्त आशावादी होती. माझ्यासारख्या उदारमतवादी वाचकाला हा निष्कर्ष गिळायला जड जातो, पण तो तसा आहे. अर्थात आशावाद शहाणाच असतो, असं त्या दोघांनी कुठे म्हटलेलं नाही.

तरीही मुख्य शंका राहतेच. सप्ताहात जाणारा मुलगा मुळातच उत्साही असेल, घरात माणसं धरून असतील, तर आशा सप्ताहानं दिली की घरानं? याचं उत्तर शोधायची रीत वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात रोज वापरतात. इंद्रायणी तांदळाचा वाण १९८७ साली याच केंद्रातून बाहेर पडला. नवा वाण चांगल्या खाचरात आणि जुना पडीक खाचरात लावून तुलना केली, तर तिला शेतकरीसुद्धा हसेल. कुठल्या तुकड्यात काय लावायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे जमिनीचा कस दोन्हीकडे सारखा वाटला जातो. १९२० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेतावर ही पद्धत बसवली आणि पुढे औषधांच्या चाचण्यांनी ती उचलली.

माणसांना चिठ्ठ्या टाकून धर्म शिकवायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण फिलिपिन्समध्ये ते घडलं आहे. ब्रायन, चोई आणि कार्लन या तीन अर्थतज्ज्ञांनी एका ख्रिस्ती संस्थेच्या मदतीनं अतिगरीब अशा हजारो कुटुंबांवर हा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांत धर्ममूल्यांचे वर्ग, काहींत आरोग्य आणि रोजगाराचे, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तर धर्मशिक्षण मिळालेल्यांची धार्मिकता वाढली होती आणि उत्पन्नही वाढलं होतं. कष्टाचे तास, जेवणखाण, आयुष्याबद्दलचं समाधान यांत फरक नव्हता. उलट शेजाऱ्यांच्या तुलनेत आपण जास्त गरीब आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं. उत्पन्न वाढलं ते बहुधा चिकाटीमुळे, असा संशोधकांचा अंदाज. अडीच वर्षांनी धार्मिकतेच्या तीव्रतेतला फरक पुसला गेला होता. म्हणजे धर्मशिक्षणानं दम बहुधा वाढला, समाधान वाढलं नाही, आणि श्रद्धेचा चढ काही काळानं उतरला. हे गोरगरिबांच्या कुटुंबांचं चित्र आहे, कॉलेजच्या मुलांचं नाही. तरी प्रश्नावल्यांच्या ढिगापेक्षा मला या एका प्रयोगाचं वजन जास्त वाटतं.

श्रद्धेच्या साधनेला उपकरण लावायचं, ही कल्पना मावळाला शंभर वर्षांपासून ओळखीची आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनपर नियतकालिक सुरू केलं. नौली ही योगक्रिया करताना आतड्यात दाब किती कमी होतो, ते त्यांनी दाबमापक लावून मोजलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. गुरुभक्ती आणि दाबमापक एकाच खोलीत नांदत होते. आशेला मात्र असा दाबमापक नाही, तिथं माणूस सांगेल तेच खरं धरावं लागतं.

आता पुन्हा त्या मागच्या रांगेतल्या मुलाकडे येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काहीतरी जमवल्यावर, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहून. कुणी कानीकपाळी ओरडून फारसं होत नाही. सप्ताहात या दोन्ही गोष्टी आहेत. पाठांतर रोज थोडं वाढतं, आणि पुढच्या रांगेत उभा असलेला दादा आपल्याच आळीतला असतो. आळंदीत विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत हेच जास्त शिस्तीनं चालतं: चार वर्षांचा अभ्यासक्रम, पाठांतर, कीर्तनाचा सराव आणि माधुकरीची परंपरा. त्यात सोबतीची भर आहे. लिम आणि पुटनम या संशोधकांनी २०१० मध्ये अमेरिकेत दाखवलं, की चर्चला जाणारे जास्त समाधानी असतात, पण तिथं जिवाभावाचे मित्र असतील तरच. एकटाच जाऊन येणाऱ्याला तो लाभ मिळत नाही. माझा कल असा, की सप्ताहातून मिळणाऱ्या उमेदीचा मोठा वाटा निरूपणातून येत नाही, टाळातून येतो. कीर्तनकारांना हे आवडणार नाही.

पण मग पुढच्या रांगेत कुणाला उभं राहू देतात, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मुलींना किती गावांत पखवाज मिळतो? आणि ज्यांना देवळाची पायरीच बंद होती त्यांचं काय? पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. याच लोकलच्या मार्गावर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि दोन वर्षांनी लाखोंसह धर्मांतर केलं. धर्म शिकून, तपासून, तो सोडण्यातून मिळालेली ही आशा. स्नायडर यांच्या भाषेत बोलायचं तर इथं दम होताच, वाट बदलली.

विद्यापीठांत यातलं काय शिकवायचं, यावर आपल्याकडे जुना घोळ आहे. राधाकृष्णन आयोगानं १९४९ मध्ये सुचवलं होतं, की पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माचं तत्त्वज्ञान शिकवावं. राज्यघटनेचं २८ वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षणाला मनाई करतं. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांत फरक केला. धर्मांविषयीच्या अशा वर्गांमुळे मुलांची आशा वाढेल, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आधी थोडी मोजणी करावी.

आणि ती मोजणी फक्त कॉलेजच्या वर्गात करून भागणार नाही. वर्गात बसलेली मुलं ही आधीच गाळून आलेली आहेत. बारावीनंतर तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागलेला, जमीन विकल्यावर घरी बसलेला, लग्न लावून दिलेली, यांच्या हाती प्रश्नावली पडतच नाही. यांतल्याही अनेकांना हरिपाठ पाठ आहे. विद्यापीठीय अभ्यासांतल्या 'धार्मिक आणि आशावान' मुलांच्या शेजारी यांचे आकडे मांडले, तर धार्मिकता आणि आशेचा तो संबंध वाढेल, घटेल की उलटाच होईल, हे एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटवर उभं राहून विचारावं.