न्हाणीघराचे दिवस कसे मोजावेत

न्हाणीघर दुरुस्तीला काढावयाचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो खर्चाचा आणि दुसरा दिवसांचा. खर्चाचे उत्तर कागदावर आकडे मांडून मिळते. दिवसांचे उत्तर मिस्त्री तोंडी देतो, "आठ-दहा दिवसांत मोकळे करून देतो," आणि त्या शब्दावर विसंबून मंडळी पाहुण्यांना आमंत्रणे धाडतात. मग दहाचे वीस होतात, विसाचा महिना होतो आणि सारा दोष मिस्त्रीच्या माथी येतो. वस्तुतः तो पुष्कळदा खोटे बोललेला नसतो. त्याने आपल्या हातांचे दिवस सांगितलेले असतात. सिमेंटचे आणि पाण्याचे दिवस कोणी मोजलेलेच नसतात.

उदाहरणासाठी रायपूरची गुढियारी घेऊ. रेल्वेमार्गाच्या पलीकडची ही दाट वस्तीची व्यापारपेठ. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी माणसांची ये-जा आहे, आणि जुन्या मराठी घरांची रीत श्रोत्यांना ठाऊक आहेच: मोरी एका बाजूस, संडास परसदारी दूर. मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात जाई. फरशीची सांध फुटली तरी ते पाणी जमिनीतच मुरे. आता दोन्ही सोयी एका छपराखाली आल्या, इतकेच नव्हे तर वरच्या मजल्यावरही गेल्या. तेथे मुरणारे पाणी खाली राहणाऱ्यांच्या छतातून उतरते आणि सळयांना गंज चढवते. न्हाणीघराच्या कामाला आज अधिक दिवस लागतात, याचे खरे कारण हे आहे.

आता हिशेब मांडू. साधारण दीड मीटर रुंद आणि दोन-अडीच मीटर लांब असे न्हाणीघर मुळापासून नवे करावयाचे आहे, असे समजा. जुन्या फरश्या व गिलावा काढण्यास 2 दिवस, नळ व सांडपाण्याचे पाइप बसविण्यास 3, गिलाव्यास 2, पाणी अडविणाऱ्या थरांस 2, भिंतीच्या व जमिनीच्या फरश्यांस 4 आणि नळ, भांडे व दिवे बसविण्यास 2. हे झाले हातांचे 15 दिवस. यांत थांबण्याचे दिवस मिळवा. गिलाव्यावर पाणी मारण्याचे 7, थर सुकण्याचे 3, पाणी कोंडून परीक्षा घेण्याचे 2 आणि फरश्या धरून त्यांच्या सांधी भरेपर्यंतचे 2, म्हणजे 14. एकूण 29 दिवस, आणि तेही कोणी एकही दिवस गैरहजर न राहता. केवळ तोट्या व भांडे बदलावयाचे असेल तर दोन-तीन दिवस पुरतात. उलट संडासाची जागाच हलवावयाची असेल, तर महिन्याहून अधिक धरावे.

थांबण्याचे हे दिवस आळसाचे नव्हेत. सिमेंट सुकून कठीण होत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होऊन ते कठीण होते. ओल लवकर उडाली, तर तो संयोग अर्धाच राहतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. पाणी कोंडण्याची परीक्षा तर कधीच टाळू नये. पाणी अडविणारा थर झाल्यावर जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर चार-पाच बोटे पाणी 48 तास ठेवावे आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवावे. येथे गळती दिसली तर ती दोन दिवसांच्या कामाने मिटते. फरश्या बसल्यावर दिसली तर सारे न्हाणीघर पुन्हा फोडावे लागते.

दिवस मोजताना पंचांगही जवळ असावे. मे महिन्यात रायपुरात उन्हाचा पारा 40 अंशांपलीकडे जातो. सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत उडते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा भिंती भिजवाव्या लागतात. पावसाळ्यात उलट काहीच सुकत नाही. शिवाय छत्तीसगड हा भाताचा मुलूख. पेरणीला आणि कापणीला अनेक मजूर गावी जातात, आणि तीजेला रेजा, म्हणजे बांधकामावरील स्त्रिया, माहेरी जातात. तो त्यांचा हक्काचा दिवस आहे. तो हिशेबात धरणे हे मालकाचे काम. कापणी आटोपल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ या कामास सर्वांत बरा.

परंतु बहुतेक उशीर ऋतूमुळेही होत नाही; तो अनिश्चयामुळे होतो. पहिला हातोडा पडण्यापूर्वी फरश्या, पाइप, भांडे आणि तोट्या ठरलेल्याच नव्हे, तर घरात येऊन पडलेल्या असाव्यात. भांडे कोणते, हे ठरल्यावाचून पाइपाचे तोंड कोठे काढावे हे कळत नाही. फरश्या मोजून एक-दशांश अधिक आणाव्यात. पुढे त्याच रंगाच्या मिळतीलच असे नाही. अरुंद गल्लीत मलबा कोठे टाकावयाचा आणि तो कोण उचलणार, हे आधी बोलून घ्यावे. खालच्या शेजाऱ्यांना पूर्वसूचना द्यावी. आणि एकच न्हाणीघर असेल, तर महिनाभर घरातील वृद्धांची सोय कोठे, हा प्रश्न सर्वांआधी सोडवावा.

वृद्धांचा विषय निघाला म्हणून आणखी सांगावेसे वाटते. फरशी खरखरीत घ्यावी. आधाराचा दांडा गिलाव्यात नव्हे, तर पक्क्या विटेत रोवला जावा. यासाठी त्याची जागा गिलाव्याआधीच ठरावी. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. जमिनीचा उतार दीड मीटरला सुमारे 2 सेंटीमीटर असावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि पायही घसरत नाही. रायपूरखालचा खडक चुनखडीचा, म्हणून कूपनलिकेचे पाणी जड असते. ते तोट्यांवर पांढरे किटण धरते. हे किटण काढण्यासाठी तीव्र आम्ल ओतू नये, ते सांधीतील सिमेंट खाते. प्रत्येक तोटीमागे पाणी तोडण्याची कळ मात्र असू द्यावी, म्हणजे एक तोटी बदलताना सारे घर कोरडे पडत नाही.

घरात कार्य असेल तर तिथीपासून मागे मोजत यावे. कामाचा एक महिना, अडचणींसाठी आणखी एक आठवडा आणि सामान जमविण्यासाठी त्याआधीचे पंधरा दिवस. इतके दिवस हाताशी नसतील, तर काम कार्यानंतर काढावे. जुन्या न्हाणीघरात पाहुण्यांचे चार दिवस सहज निघतात. घाईने केलेल्या नव्या न्हाणीघराची गळती मात्र वर्षानुवर्षे सोसावी लागते, आणि ती बहुधा खालच्या शेजाऱ्याला सोसावी लागते.