कोंबडीच्या पोटातील जंत : झाडपाला कुठवर, औषध केव्हा?

दारातल्या चार-पाच कोंबड्या म्हणजे मुलांच्या ताटातले अंडे आणि अडीनडीला हाताशी येणारा पैसा. कोंबडी दाणे टिपते पण अंगी लागत नाही, तुरा फिका पडतो, अंडी घटतात. अशा वेळी पोटातल्या जंतांची शंका घ्यावी. कोणी लसूण चारायला सांगतो, कोणी पळसपापडी. त्यातले किती खरे, ते आपण पाहू.

जंत मुख्यतः दोन प्रकारचे. गोल जंत पांढरट, दोन ते चार इंच लांब असतात. त्यांची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत रोग लावण्याजोगी होतात. माती उकरताना कोंबडी ती टिपते. पट्टीसारखे चपटे जंत मात्र मुंग्या, माश्या व किडे खाल्ल्याने पोटात शिरतात. त्यांचे तांदळासारखे तुकडे विष्ठेत दिसतात.

आता झाडपाला. पपईच्या चिकातील पाचक द्रव्य जंताचे बाहेरचे आवरण विरघळवते. कोंबड्यांवरील प्रयोगांत त्याने गोल जंत कमी झालेले आढळले आहेत. पण कच्चा चीक तोंड-घसा भाजतो. पळसपापडी जुनी जंतनाशक आहे, पण प्रमाण चुकले तर ती बाधते. म्हणून या दोन्ही गोष्टी अंदाजाने देऊ नका. लसूण, भोपळ्याच्या बिया थोड्या खाद्यात मिसळल्या तर अपाय नाही, पण तेवढ्याने पोट साफ होईल या भरवशावर राहू नये. तंबाखूचे पाणी कधीही पाजू नका, ते विषच आहे.

खरा उपाय खुराड्यात आहे. रोज विष्ठा काढा, जमीन कोरडी ठेवा, दाणे मातीत न फेकता भांड्यात द्या, पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा.

तरीही फरक नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी विष्ठा तपासून घ्या. गोल जंतांचे प्रत्येक औषध चपट्यांवर चालत नाही. औषध सगळ्या कोंबड्यांना एकाच वेळी द्या आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारा. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले किंवा कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर तो वेगळा आजार असू शकतो. तेव्हा घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.

खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवा. मुलांनाही ती सवय लावा.