केमिकल पील आणि घरगुती त्वचानिगा

केमिकल पील म्हणजे त्वचेवर नियंत्रित प्रमाणात आम्ल किंवा अन्य रसायन लावून तिचा वरचा, जीर्ण झालेला थर अलग करण्याची प्रक्रिया. मराठीत तिचा उल्लेख कधीकधी 'रासायनिक सालकाढणी' असाही होतो. मुरुमांचे डाग, वांग, उन्हाने आलेला काळवंडलेपणा आणि त्वचेचा खडबडीतपणा कमी करण्यासाठी ही प्रक्रिया केली जाते. पूर्वी ती त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यापुरती मर्यादित होती. मात्र ऑनलाइन खरेदीमुळे पीलची द्रावणे आता लहान गावांतही घरपोच मिळतात. पीलचा परिणाम जितका आम्लावर, तितकाच त्याच्या आगेमागे वापरल्या जाणाऱ्या प्रसाधनांवर अवलंबून असतो. त्यामुळे सौम्य प्रसाधनांची निवड हा या प्रक्रियेचा अविभाज्य भाग मानला जातो.

इतिहास

त्वचेचा वरचा थर काढण्याच्या उपायांचे उल्लेख प्राचीन इजिप्तमधील इ.स.पूर्व सुमारे 1550 च्या एबर्स पपायरसपर्यंत मागे जातात. आंबट दूध आणि द्राक्षाच्या मद्यातील गाळ यांचा सौंदर्यासाठी वापर प्राचीन काळी होत असे. त्यांतील अनुक्रमे लॅक्टिक आणि टार्टारिक आम्ले आजच्या पीलमधील आम्लांच्याच कुळातील आहेत. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी 1882 मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल यांच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. 1974 मध्ये यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी ग्लायकोलिकसारख्या अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा त्वचेच्या शृंगी स्तरावरील परिणाम मांडला. त्यातूनच आजच्या सौम्य पीलचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्रात दिवाळीच्या अभ्यंगस्नानातील उटणे, डाळीचे पीठ आणि साय यांची परंपरा आहे. उटण्याने मृत पेशी मुख्यतः घर्षणाने निघतात, तर पीलमध्ये पेशींना एकमेकींशी जोडणारे दुवे रसायनाने सैल होतात. हा भेद लक्षात घेतला नाही, तर पील केलेल्या त्वचेवर उटणे चोळण्याची चूक होते.

कार्यपद्धती आणि प्रकार

त्वचेचा सर्वांत वरचा शृंगी स्तर मृत पेशींचा असून तो पाण्याचे बाष्पीभवन रोखतो आणि जंतूंना आत येऊ देत नाही. पील हाच संरक्षक पडदा काही दिवसांसाठी पातळ करते. खोलीनुसार पीलचे तीन प्रकार पडतात.

वरवरचे पील बाह्यत्वचेपुरते मर्यादित राहते. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक आणि सॅलिसिलिक ही त्यातील प्रमुख आम्ले होत. मध्यम पील अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत पोहोचते. त्यासाठी बहुधा ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल वापरतात. खोल पीलमध्ये फिनॉल वापरले जाते. फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकत असल्याने ते रुग्णालयातच करावयाचे असते. मध्यम आणि खोल पील घरी करणे सर्वथा वर्ज्य आहे.

द्रावणाची तीव्रता केवळ टक्केवारीवर ठरत नाही. त्याचा सामूही तितकाच महत्त्वाचा असतो. सामू जितका कमी, तितके आम्ल अधिक मुक्त अवस्थेत असते आणि अधिक खोल जाते. अमेरिकेतील कॉस्मेटिक इन्ग्रिडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञ मंडळाने ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्ल असलेल्या, ग्राहकांनी स्वतः वापरावयाच्या प्रसाधनांसाठी 10 टक्क्यांपर्यंत संहती आणि किमान 3.5 सामू ही मर्यादा सुरक्षित मानली आहे. बाजारात मात्र 30 टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावणेही 'घरगुती' म्हणून विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2024 मध्ये अशी तीव्र पील तज्ज्ञांच्या देखरेखीविना न वापरण्याचा इशारा दिला. त्यात रासायनिक भाजणे, सूज, संसर्ग आणि कायमचे व्रण या धोक्यांचा उल्लेख होता.

सावळ्या त्वचेचे वैशिष्ट्य

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या वर्गीकरणाच्या आजच्या सहा प्रकारांपैकी बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेतील मेलॅनिन उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण देते. परंतु दाह झाल्यास रंगद्रव्यपेशी अधिक मेलॅनिन तयार करतात आणि दाह ओसरल्यावर काळे डाग मागे राहतात. ते जायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणजे डाग घालवण्यासाठी केलेली पीलच नव्या डागांचे कारण ठरू शकते. सावळ्या त्वचेसाठी त्वचेत सावकाश शिरणारी मँडेलिक व लॅक्टिक आम्ले तुलनेने सौम्य समजली जातात ती यामुळेच.

सौम्य प्रसाधनांची निवड

पीलनंतर साधारण सात ते दहा दिवस मोजकीच प्रसाधने वापरणे हिताचे असते. चेहरा धुण्याचे साधन, आर्द्रता राखणारे मलम आणि सनस्क्रीन ही तीन पुरेशी होतात.

चेहरा धुण्याचे साधन: निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे सुमारे 4.5 ते 5.5 सामूचा असतो. अंगाच्या पारंपरिक साबणाचा सामू मात्र 9 ते 10 च्या घरात असतो. त्यामुळे साबणविरहित, कमी फेसाचे व सुगंध नसलेले क्लीन्झर निवडावे. फेस जितका अधिक तितकी स्वच्छता अधिक, हा समज निराधार आहे. पाणी साधे किंवा कोमट असावे आणि चेहरा टॉवेलने न घासता टिपून घ्यावा.

आर्द्रता राखणारे मलम: ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवतात, सिरॅमाइड पेशींमधील स्निग्ध दुवे भरून काढतात, पेट्रोलियम जेली बाष्पीभवन रोखते. यांपैकी एक-दोन घटक असलेले साधे मलम पुरते. पेट्रोलियम जेली स्वस्त असून किराणा दुकानातही मिळते, आणि निगुतीने वापरल्यास ती महागड्या 'दुरुस्ती क्रीम'चे बरेचसे काम करते. तेलकट व मुरुमप्रवण त्वचेवर मात्र हलके लोशन अधिक सोयीचे ठरते.

सनस्क्रीन: पीलनंतर सनस्क्रीन ऐच्छिक राहत नाही. ते अतिनील 'अ' आणि 'ब' या दोन्ही किरणांपासून संरक्षण देणारे, एसपीएफ 30 किंवा अधिक असावे. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन 'ब' किरणांपैकी सुमारे 97 टक्के, तर एसपीएफ 50 चे सुमारे 98 टक्के अडवते. म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा पुरेशी मात्रा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावणे अधिक महत्त्वाचे आहे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन सहसा कमी चुरचुरतात. वांग असल्यास लोहऑक्साइडयुक्त, रंगछटा असलेले सनस्क्रीन उपयोगी पडते, कारण दृश्य प्रकाशानेही वांग गडद होते.

वेष्टनावर घटकांची नावे बहुधा उतरत्या प्रमाणात छापलेली असतात. यादीत सुगंधी द्रव्य, मेंथॉल किंवा अल्कोहोल आरंभीच असल्यास ते प्रसाधन या काळात टाळावे. 'नैसर्गिक' किंवा 'हर्बल' हे शब्द सौम्यतेची हमी देत नाहीत. कोणतेही नवे प्रसाधन प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून 24 ते 48 तास निरीक्षण करणे श्रेयस्कर असते. आणि ही चाचणी पीलपूर्वीच करावी.

टाळावयाचे पदार्थ

ट्रेटिनॉइन, रेटिनॉल, बेंझॉइल पेरॉक्साइड, तीव्र क जीवनसत्त्वाचे सीरम आणि दाणेदार स्क्रब हे पीलच्या काही दिवस आधी थांबवून त्वचा पूर्ववत झाल्यावरच पुन्हा सुरू करतात. ब्लीच, वॅक्सिंग आणि थ्रेडिंगही या काळात टाळतात. लिंबाचा रस (सामू सुमारे 2) त्वचा भाजू शकतो, तर खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने त्वचेचा नैसर्गिक आम्लधर्म बिघडवतो. काही व्यावसायिक पीलमध्ये उदासीनीकरणासाठी सोड्याचे सौम्य द्रावण वापरतात. तो प्रक्रियेचा मोजून-मापून केलेला टप्पा असतो, लेप नव्हे. तुरटी आणि हळदीचा दाट लेपही सोललेल्या त्वचेवर चुरचुरतो. सुटू लागलेली साल नखाने ओढल्यास व्रण व डाग राहतात.

वडसा परिसरातील परिस्थिती

वडसा (देसाईगंज) हे गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे, गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील गाव. हा भातशेतीचा आणि वनोपजाचा प्रदेश आहे. उन्हाळ्यात शेजारच्या ब्रह्मपुरी व चंद्रपूर येथील तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर जाते. मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे आणि पावसाळ्यात धानाची रोवणी ही कामे उघड्यावर चालतात. ज्यांना अशा उन्हात राबणे टाळता येत नाही, त्यांच्यासाठी मार्च ते जून हा पीलचा काळ नव्हे. करावयाचीच झाल्यास हिवाळ्यातील महिने तुलनेने सुरक्षित असतात. घामाने सनस्क्रीन टिकत नाही, म्हणून दुपट्टा, रुंद काठाची टोपी आणि छत्री यांचे साहाय्य आवश्यक ठरते.

या जंगलपट्ट्यातील काही वनोपजांबाबतही सावधगिरी हवी. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात व काळे डाग राहतात, हे तेथील लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ते एक प्रकारचे अनियंत्रित रासायनिक भाजणेच होय. मोहाच्या बियांचे तेल स्निग्ध असले तरी घाण्यावरचे, न गाळलेले तेल सोललेल्या त्वचेवर लावणे योग्य नाही.

बनावट व धोकादायक मलमे

पीलनंतर 'लवकर उजळपणा यावा' म्हणून दिली जाणारी काही मलमे मूळ प्रक्रियेहून घातक असतात. त्यांचे दोन प्रकार विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा. त्यांनी आरंभी चेहरा नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, मुरुम व केस वाढतात आणि मलम थांबवताच दाह उसळतो. या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने 2018 मध्ये 14 बाह्योपचारी स्टेरॉइडांना अनुसूची 'एच' खाली आणले. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत.

दुसरा प्रकार पाऱ्याचा. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारा दशलक्ष भागांत एक भाग यापेक्षा अधिक असता कामा नये. विदर्भातील अकोला येथे एकाच कुटुंबातील तीन व्यक्तींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे आणि त्या वापरत असलेल्या त्वचा उजळवणाऱ्या क्रीममध्ये या मर्यादेच्या कित्येक पट पारा आढळल्याचे 2023 च्या आरंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, निर्मितीचा दिनांक आणि घटकांची यादी नसलेली डबी घेऊ नये, हा त्यातून मिळणारा साधा धडा आहे.

कोणी टाळावे व केव्हा डॉक्टरांकडे जावे

गर्भवती व स्तनदा माता, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणारे, वारंवार ओठांवर नागीण उठणारे, जुने व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असलेले आणि चेहऱ्यावर जखम, इसब किंवा संसर्ग असलेले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना पील करू नये.

पील लावताना किंचित चुरचुरणे आणि नंतर दोन-चार दिवस बारीक साल सुटणे स्वाभाविक आहे. असह्य जळजळ झाल्यास द्रावण तत्काळ भरपूर थंड पाण्याने धुवावे. फोड येणे, त्वचा पांढरी वा करडी पडणे, पू, ताप, डोळ्यांना सूज किंवा वाढत जाणारा काळेपणा ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. वडसा परिसरातील रुग्णांना गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर येथील शासकीय रुग्णालयांचा पर्याय आहे. जाताना वापरलेली बाटली आणि मलमाची डबी सोबत न्यावी. कोणत्या रसायनाने इजा झाली हे कळले की उपचारांची दिशा लवकर ठरते.