छोटी गाडी, मोठ्या भानगडी!

माहीत आहे का? नागपूर स्टेशनातून लांब पल्ल्याच्या गाड्या खेचत नेणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं असतं. तेच धूड १:८७ मापात उतरवा, वजन भरेल फक्त १८७ ग्रॅम! पाव किलो संत्रा बर्फीपेक्षाही हलकं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी घटल्या की वजन साडेसहा लाख पटींनी उतरतं. डाएटवाल्यांनो, आहे का तुमच्याकडे असा प्लॅन?

पण एवढं फुलासारखं इंजिन रुळावर टिकणार कसं? म्हणून मॉडेल बनवणारे त्याच्या पोटात धातूचे जड तुकडे भरतात. आधी बारीक व्हायचं, मग वजन वाढवायचं. लग्नाआधी आणि लग्नानंतर, दुसरं काय!

१:८७ या मापाला 'एचओ स्केल' म्हणतात आणि मॉडेल रेल्वेच्या दुनियेत सगळ्यात जास्त चलती याचीच. या मापात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरही भरत नाही. २४ डब्यांची एक्सप्रेस मात्र जवळपास सात मीटर लांब होते. म्हणून हौशी क्लबांच्या प्रदर्शनात गाड्या सहसा आठ-दहा डब्यांच्याच दिसतात. दोष हौसेचा नाही, हॉलचा!

हॉलवरून आठवलं. वर्धा रोडवरच्या आपल्या डबलडेकर पुलाचं नाव २०२२ मध्ये गिनीज बुकात गेलं: वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली रस्ता, लांबी ३.१४ किलोमीटर. (गणिताच्या मास्तरांनो, पायचीच किंमत की हो!) त्याचं एचओ मॉडेल करायचं ठरवलं तर टेबल लागेल ३६ मीटरचं. हुडकेश्वर रोडच्या मंगल कार्यालयांमध्ये एवढा लांब हॉल शोधा, सापडला तर लगेच बुक करा. आधी पूल मांडू, मुहूर्ताचं नंतर बघू.

रुळांची लबाडी

नागपूरकर, आता कान इकडे करा. दुकानात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागा, येतात १९.३. म्हणजे रेडीमेड रुळावर आपली विदर्भ एक्सप्रेस चढवली की बॉडी बरोबर मापाची, पण पाय पावणेतीन मिलिमीटर आखडलेले! भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे बहुतेक जण ही लबाडी बिनबोभाट पचवतात. तुम्हीही प्रदर्शनात फूटपट्टी काढू नका, प्लीज.

असं का होतं? कारण हा रूळ बेतलाय युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर. आणि नागपुरात १४३५ वर कोण धावतं, माहीत आहे का? माझी मेट्रो! ८७ ने भागा: १६.४९. एकदम फिट्ट. सीताबर्डीचं इंटरचेंज करायला घ्या, फूटपट्टीवाले गप्प.

आणि आता सिक्सर. आपली नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची. भागा ८७ ने: ८.७६. बाजारात 'एन स्केल'चा ९ मिलिमीटरचा रूळ आयता मिळतो. फरक पाव मिलिमीटरपेक्षा कमी! म्हणजे इतवारी-नागभीड असो की मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची ती शकुंतला असो, जगातल्या कुठल्याही दुकानातून रूळ मागवा, विदर्भाची गाडी त्यावर रुबाबात उभी राहते. इतवारी-नागभीडची खरी नॅरोगेज मात्र ब्रॉडगेज करायला नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. काय टायमिंग आहे बघा: जिचं मॉडेल हुबेहूब जमतं, तीच लाइन उखडली. आता मॉडेलवाल्यांनीच मनावर घ्यावं!

शकुंतलेचंही ऐका. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत ड्यूटीवर होतं. त्यानंतर डिझेल आलं. सत्तरी गाठूनही रिटायरमेंट नाही, पेन्शन नाही.

लबाडीत इंग्रज मात्र आपल्या पुढे. त्यांचं लाडकं माप 'ओओ', म्हणजे साधारण १:७६. गाडी मोठी, रूळ मात्र तोच १६.५ मिलिमीटरचा एचओवाला! कारण भारी आहे. इंग्लंडच्या गाड्या अंगाने सडपातळ आणि त्या काळच्या मोटरी जाडजूड. छोट्या बॉडीत मोटर मावेना, म्हणून बॉडी फुगवली आणि रूळ आहे तसाच ठेवला. जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं कोण म्हणतं?

राजवाड्यातली पंगत

माहीत आहे का, मॉडेल रेल्वेचा सगळ्यात शाही नमुना एका मराठी घराण्याकडे आहे? ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर रूळ आहेत आणि त्यावरून चांदीची गाडी फिरते! सात डबे, प्रत्येकावर शिंदे आडनावाचं एकेक इंग्रजी अक्षर. डब्यांत काचेच्या सुरया आणि चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबते. सुरई परत ठेवली की पुढे चालू. वाढपी नाही, आग्रह नाही, 'अजून एक घ्या ना' नाही.

एका व्हाइसरॉयच्या मेजवानीत ही गाडी बिथरली आणि पाहुण्यांच्या अंगावर रस्सा उडवत सुटली, असा किस्सा 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या पुस्तकात आहे. खरा की तिखटमीठ लावलेला, देव जाणे! मला तो खराच असावा असं वाटतं. रस्सा सांडल्याशिवाय पंगत कसली?

त्या काळचे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचं वेड टेबलावर मावणारं नव्हतंच. ग्वाल्हेर संस्थानात त्यांनी ६१० मिलिमीटरची लाइन टाकली आणि ती वाढत वाढत श्योपूरपर्यंत गेली, सुमारे २०० किलोमीटर! २०२० पर्यंत माणसं तिच्यातून प्रवास करत होती. छंद असावा तर असा. बाकीचे आपण पोस्टाची तिकिटं जमवणारे.

पुण्याचा प्रश्न येतोच. (येऊ द्या, एक पॅरा देऊ.) कोथरूडमध्ये कर्वे रोडलगत जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज आहे. व्यवसायाने इंजिनिअर असलेल्या भाऊ जोशींनी आयुष्यभराचा छंद तिथे मांडला. उद्घाटनाची तारीख? १ एप्रिल १९९८! एप्रिल फूल मात्र अजिबात नाही: पायऱ्या चढाव्यात तशी डोंगर चढणारी दातेरी रुळांची रेल्वे आहे, वाफेची आहे, बुलेट ट्रेन आहे, सर्कससुद्धा आहे. शोमध्ये हॉलभर संध्याकाळ होते आणि टेबलावरच्या गावात दिवे लागतात. पुण्यात गेलात तर मिसळ एक वेळ चुकवा, हे नको.

कोण कोण या नादी लागलं?

वॉल्ट डिस्ने! १९५० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या घराच्या अंगणात माणसं बसून फिरतील एवढी रेल्वे टाकली. इंजिनाला बायकोचं नाव, लिली बेल. पण बायकोच्या फुलांच्या वाफ्यांतून रूळ न्यायची हिंमत झाली नाही, म्हणून वाफ्यांखालून बोगदा खणला. शिवाय रूळ जाऊ देण्याच्या हक्काचा करारनामा वकिलाकडून लिहून घेऊन बायकोची सहीसुद्धा घेतली. काही वर्षांत डिस्नेलँड उघडलं, तर तिथेही रेल्वे!

रॉकस्टार रॉड स्टुअर्ट! १९४० च्या दशकातल्या अमेरिकी शहराचं एचओ मॉडेल त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ खपून बनवलं. कॉन्सर्टच्या दौऱ्यावरही किट सोबत असायचं आणि हॉटेलात त्याच्यासाठी वेगळी खोली. इमारती चिकटवायला!

आणि कॉम्प्युटरवाले? अमेरिकेच्या एमआयटीमध्ये १९४६ मध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. टेबलाखालच्या वायरींमध्ये रमलेली तिथली पोरं हळूच कॉम्प्युटर रूममध्ये शिरली. १९६२ चा 'स्पेसवॉर' हा गाजलेला व्हिडिओ गेम याच कंपूचा. खेळण्यासाठी हातात धरायचे कंट्रोलर हवे होते, ते त्यांनी क्लबच्या खोलीतल्या भंगारातून जोडले. तुमच्या पोराच्या हातातल्या गेमपॅडचं आजोळ मॉडेल रेल्वेचं निघालं की!

रेकॉर्डचं बोला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं मिनिएचर वंडरलँड हे जगातलं सगळ्यात मोठं मॉडेल रेल्वे विश्व, २००१ मध्ये दोन जुळ्या भावांनी सुरू केलं. रूळ १५ किलोमीटरहून जास्त. नागपूर-मुंबई हे साधारण ८३७ किलोमीटरचं अंतर एचओत येतं फक्त ९.६ किलोमीटर. म्हणजे अख्खी लाइन टाकून वर भरपूर रूळ उरतील! तिथे विमानतळ आहे, विमानं धावपट्टीवर धावून खरोखर वर उठतात. आणि स्विस विभागात बटण दाबलं की चिमुकला कारखाना खरंखुरं चॉकलेट हातात देतो.

२००९ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या जेम्स मे याने इंग्लंडच्या डेव्हन भागात दोन गावांमध्ये सुमारे १६ किलोमीटर लांब खेळण्यातला रूळ टाकला. पण कुणी रुळाचे तुकडे पळवले, कुणी भलतेच उद्योग केले आणि गाडी पोचलीच नाही. २०११ मध्ये पुन्हा प्रयत्न, आणि या वेळी फत्ते. चोर सगळीकडे सारखेच!

प्रदर्शनात गेलात तर

सगळे उभं राहून वरून बघतात. तुम्ही वाका! डोळे रुळाच्या पातळीला आणा, गाडी एकदम खरी वाटायला लागते. गुडघे कुरकुरले तर मुलांना विचारा, त्यांची उंची आयतीच बरोबर असते.

क्लबच्या लेआउटची गंमत म्हणजे तो एकसंध नसतो. प्रत्येक मेंबर घरी आपापलं टेबल बनवतो, फक्त टोकांवर रूळ कुठे यायचा ते सगळ्यांचं ठरलेलं. प्रदर्शनाच्या दिवशी टेबलं जोडली की झाली लाइन. त्यामुळे एका टेबलावर भातशेती आणि वीत सोडली की थेट स्वित्झर्लंड. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही.

टेबलाच्या झालरीखालीही जरूर डोकवा. खरा कारभार तिथेच. जुन्या पद्धतीत १२ व्होल्टचा करंट थेट रुळांतून धावतो, एक रूळ प्लस आणि दुसरा मायनस. आता विचार करा: लाइन गोल फिरवून त्याच रुळावर उलटी आणली तर प्लसला भेटतो मायनस आणि फट्‌! शॉर्ट सर्किट. म्हणून अशा वळणाला वेगळं वायरिंग करावं लागतं. मेर्कलिन या जर्मन कंपनीने मात्र ही कटकटच ठेवली नाही: विजेचा तिसरा रूळ मध्ये, बारीक ठिपक्यांच्या रूपात. ही कंपनी १८५९ ची आणि तिने सुरुवात कशाने केली, माहीत आहे का? बाहुल्यांच्या भातुकलीच्या भांड्यांनी!

वळणावरून आणखी एक. आपल्या ब्रॉडगेजला जास्तीत जास्त दहा अंशांचं वळण चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. एचओत ती होते दोन मीटर. टेबलावरची वळणं मात्र ४०-४५ सेंटिमीटरची! खरी राजधानी एवढ्या वळणावर घातली असती तर चौकशी समितीच बसली असती.

डोंगर थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे, गवत रंगवलेल्या भुशाचं, माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा आणि झाडं? घोसाळ्याची वाळलेली जाळी! हिरवा रंग मारला की जंगल तयार. घरात रिकामा डबा फेकायला काढला की मॉडेलवाला आडवा येतो, 'थांब, याचं गोडाऊन होईल.'

ट्रेनची पहिली चटक नागपुरातल्या कित्येकांना सेमिनरी हिल्सच्या 'वनबाला' या छोट्या रेल्वेने लावली. पुढची पायरी म्हणजे मोतीबाग. कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल म्युझियम १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. हुडकेश्वरहून शहराचं दुसरं टोक गाठावं लागतं, पण १:८७ बघण्याआधी १:१ बघून घ्या, राजेहो. खऱ्या नॅरोगेजच्या डब्याशेजारी उभं राहिलं की कळतं, गाडी अरुंद असली तरी रुबाब ब्रॉड होता.

आणि घरी परतल्यावर एक प्रयोग. इतवारी-नागभीड लाइन साधारण १०६ किलोमीटरची, म्हणजे एचओत १.२ किलोमीटर. म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रोडने तेवढंच अंतर पायी जा. पंधरा मिनिटांच्या आत नागभीड! ताशी ५ किलोमीटर ही तुमची चाल १:८७ च्या हिशेबात होते ताशी ४३५ किलोमीटर. शांघायची मॅग्लेव्ह ट्रेन प्रवासी घेऊन जास्तीत जास्त ४३१ ने धावायची. तिला मागे टाकलंत तुम्ही, तेही चपला घालून आणि वाटेत भाजी घेत!