बुटाचा लोकरी कफ : नव्याने विणकाम शिकणाऱ्यांसाठी

हिवाळा जवळ आला की आमच्यासारख्या कापड व्यापाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "चाचा, घरी बसून विणकामाचे काही काम मिळेल का?" विचारणाऱ्या बहुतेक भगिनी गारखेडा, पुंडलिकनगर, जवाहरनगर या भागातल्या असतात. घरात शिवणयंत्र असते, फॉल-पिको आणि ब्लाउजचे काम वर्षभर थोडेफार चालू असते, त्यात दोन पैशांची भर पडावी एवढीच इच्छा असते. आम्ही त्यांना उलट विचारतो की आधी काय विणणार? उत्तर ठरलेले असते : स्वेटर.

येथेच गाडी अडते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते. बाह्या, खांदा आणि गळा या तीन ठिकाणी टाके कमी-जास्त करावे लागतात, आणि नवशिक्या हाताला तेच जमत नाही. काम महिना-दोन महिने रेंगाळते. मध्येच लोकर कमी पडते. तोच रंग घ्यायला बाजारात गेले तर रंग तोच असतो, पण रंगाईचा लॉट बदललेला असतो. नवा गुंडा जुन्याशेजारी ठेवला की फरक डोळ्यांत भरतो. अशी अर्धवट स्वेटरे किती घरांच्या पेट्यांत पडून आहेत याची मोजदाद नाही. त्यात पैसा अडकतो आणि हौसही मरते.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी पहिला माल म्हणून बुटाचा कफ विणावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला शंभर ग्रॅम लोकर, सुयांच्या दोन जोड्या आणि एक मोठ्या नाकाची सुई पुरते. बिघडला तर उसवून तीच लोकर पुन्हा वापरता येते.

कफ म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. लांब मोजाचा फक्त वरचा भाग म्हणजे बुटाचा कफ. त्याला टाच नाही, पंजा नाही. खालची अर्धी पट्टी बुटाच्या आत जाऊन पायाला घट्ट बसते आणि वरची अर्धी बुटाच्या तोंडावर बाहेर दुमडली जाते. पाहणाऱ्याला वाटते की आत जाड लोकरी मोजा घातला आहे. युरोप-अमेरिकेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत लांब बुटांबरोबर याची फॅशन आली, तिकडून ती आपल्या कॉलेजच्या मुलींपर्यंत पोहोचली. संपूर्ण मोजा विणायचा तर चार-पाच सुया लागतात आणि टाच वळवताना जाणकारही दोनदा मोजतात. कफ मात्र सरळ चौकोनी तुकडा असतो, कडेने शिवला की झाला तयार.

आमचे शिक्षण उर्दूतून झाले, त्यामुळे 'मोजा' या शब्दाशी आमची ओळख जुनी आहे. हा शब्द फारसीतून आला आणि तिकडे तो मुळात चामड्याच्या उंच बुटासाठी होता. आपल्याकडे येईपर्यंत बूट बाहेर राहिला आणि नाव आतल्या वस्त्राला चिकटले. सुयांवर विणलेले जे जुन्यात जुने नमुने जगात जपून ठेवले आहेत, त्यांतही इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे मोजे आहेत. ते ११ व्या ते १४ व्या शतकांच्या दरम्यानचे मानले जातात, आणि त्यांतल्या काहींवर अरबी अक्षरांची नक्षी विणलेली आहे. म्हणजे हे विणकाम थंड देशांनीच शिकवले असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशातही १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी गावोगावच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर आणि मोजे विणून पाठवले होते. असो.

कोणती लोकर घ्यावी?

गारखेड्याच्या सूतगिरणी चौकाचे नाव कापसाच्या सुतावरून पडले आहे. आमच्या शहरात तर १८८९ मध्येच सूत कातण्याची आणि कापड विणण्याची गिरणी उभी राहिली होती. मराठवाड्यात कापूस भरपूर, मग सुती धाग्याचाच कफ का विणू नये, असे कोणी म्हणेल. तसे करू नये. सुती धागा ताणला की ताणलेलाच राहतो. सकाळी घातलेला कफ दुपारी घोट्यावर येऊन पडेल. लोकर ताणली तरी परत आखडते, आणि कफाचे सारे काम या आखडण्यावर चालते.

येथे एक फरक समजून घेणे जरुरीचे आहे. हिमरूसाठी आमच्या शहराचे नाव झाले, पण हिमरू मागावर विणतात. त्यात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. सुयांच्या विणकामात ताणाबाणा नसतो. एकाच धाग्याच्या फासात दुसरा फास अडकवत जायचे. मराठीत दोन्हींना 'विणणे' म्हणतात, उर्दूतही 'बुनना' एकच. म्हणून मागाच्या घरातली माणसेसुद्धा सुया हातात घेतात तेव्हा धागा मागासारखा ताठ ओढतात. फास सैल असेल तरच कापड लवचीक होते.

बाजारात 'लोकर' या नावाने जे मिळते त्यातले पुष्कळसे अॅक्रिलिक असते. त्यात फसवणूक आहे असे नाही, पण गिऱ्हाइकाला खरे सांगून विकले पाहिजे. पारख सोपी आहे. धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी राख उरते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. शिकण्यासाठी अॅक्रिलिक चालेल. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते आणि त्याला कसर लागत नाही. मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवू नये, विणकाम चपटे होते आणि पुन्हा उठत नाही. आपल्या पठारावरच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण ती राठ असते, उघड्या पायाला टोचते.

रंग फिकट किंवा मध्यम घ्यावा. काळ्या लोकरीवर नवशिक्याला टाके दिसत नाहीत, रात्री तर मुळीच नाही. दोन गुंडे घेतले तर वेष्टनावरचा लॉट नंबर एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

माप आणि टाके

आपल्याकडे सुया जुन्या नंबरांवर विकल्या जातात, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. मध्यम जाडीच्या लोकरीला या दोन जोड्या घ्याव्यात.

कोणाचाही कफ करण्याआधी नमुन्याचा तुकडा विणावा. या गोष्टीचा कंटाळा करणारे पुढे दुप्पट काम करतात. ८ नंबरच्या सुईवर २४ टाके घालून तीस सुया सुलट विणाव्या, तुकडा न ताणता सपाट ठेवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजावे. समजा २० बसले, तर एका सेंटिमीटरला दोन टाके झाले. आता बूट घातल्यावर त्याच्या तोंडाशी पायाचा घेर मोजावा. समजा तो ३४ सेंटिमीटर आला. कफ त्याहून थोडा लहान, ३० सेंटिमीटरचा धरावा, म्हणजे तो पायाला धरून राहील. तीस गुणिले दोन, साठ टाके. साठला चारने भाग जातो, म्हणून हाच आकडा पक्का. तुमच्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आले तर हिशेब ६६ चा होईल, तेव्हा ६४ किंवा ६८ घ्यावेत.

टाके घालताना ८ नंबरची सुई वापरावी, म्हणजे काठ सैल राहतो. मग १० नंबरच्या सुया घेऊन दोन सुलट, दोन उलट असे ओळीच्या शेवटपर्यंत विणावे. टाके चारच्या पटीत असल्यामुळे प्रत्येक सुई दोन सुलटनेच सुरू होते आणि दोन उलटवर संपते, लक्षात ठेवण्यासारखे दुसरे काही नाही. सुलटवरून उलटकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणावा, उलटवरून सुलटकडे येताना तसाच मागे न्यावा. तो सुईवरून गेला तर एक फाजील टाका तयार होतो, आणि नवशिक्यांचे साठाचे सत्तर टाके होतात ते बहुधा यामुळेच. दर दहा सुयांनी टाके मोजावेत. टाका सुटून खाली घरंगळला तर घाबरू नये, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो.

अशी आठ सेंटिमीटर बॉर्डर झाली की ८ नंबरच्या सुयांवर यावे आणि पुढचे सात सेंटिमीटर सगळ्या सुया सुलट विणाव्या. हा भाग आपोआप रुंद होतो आणि बुटाच्या तोंडावर नीट दुमडतो. बॉर्डर आणि सुलट वीण या दोन्हींना उलटी बाजू नसते, दोन्हीकडून सारख्याच दिसतात, म्हणून दुमडल्यावर काही झाकावे लागत नाही. शेवटी टाके सैल हाताने बंद करावेत. घट्ट केले तर कफ पायात शिरणार नाही. सुलट विणीत दोन सुयांची मिळून एक उंच रेघ दिसते. त्या रेघा मोजून ठेवाव्या आणि दुसरा कफ तेवढ्याच रेघांचा करावा. फुटपट्टीवर भरवसा ठेवला की जोडी लहान-मोठी होते. कडा एकमेकींना लावून अर्धा-अर्धा टाका घेत शिवाव्या, म्हणजे आत जाड शिवण येत नाही. शिवण पायाच्या आतल्या बाजूला ठेवावी.

सत्तर-ऐंशी ग्रॅममध्ये जोडी होते. उरलेली लोकर गिऱ्हाइकाला गुंडाळून द्यावी, दुरुस्तीला कामी येते. ही आमची कापडातली जुनी सवय आहे आणि गिऱ्हाईक ती विसरत नाही.

धंद्याचा हिशेब

आता खरी गोष्ट. कफ विणून घर चालेल का? नाही चालणार. समजा शंभर ग्रॅम लोकर ऐंशी रुपयांना पडली, बटणे-पिशवी दहा रुपये, आणि जोडी अडीचशेला विकली. हातात एकशेसाठ राहतात. सराव झालेल्या हाताला जोडीला पाच तास लागले असे धरले तर तासाला बत्तीस रुपये झाले. नवशिक्या हाताला दहा तास लागतात, तेव्हा सोळा. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकीने आपल्या बाजारभावाने मांडावेत, पण तास मांडल्याशिवाय भाव सांगू नये. आमच्या भगिनी लोकरीचा भाव पैशापर्यंत सांगतात आणि आपल्या वेळेचा भाव शून्य धरतात, मग दीडशेला माल देऊन खूश होतात.

लुधियानाच्या यंत्रावरचा माल नेहमीच स्वस्त असणार. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत तिबेटी विक्रेते जे गरम कपडे मांडतात त्यांतही लुधियानाचा माल मोठा असतो. त्याच्याशी भावात टक्कर घेता येत नाही. हाताच्या कामाची जागा वेगळी आहे, आणि ती म्हणजे मापाची ऑर्डर. जाड पिंढरीला तयार माल बसत नाही. कोणी डिसेंबरात काश्मीर किंवा मनालीला निघालेले असते, त्यांना टोपीच्या रंगाचा कफ हवा असतो. पहाटेच्या पाळीला वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला मोटारसायकलवर जाणारे कामगार आहेत. आमच्याकडे थंडीत पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो, आणि पँटच्या पायातून वारा सरळ वर शिरतो. त्यांना दुमडीशिवायचा, नुसत्या बॉर्डरचा साधा कफ घोट्यावर उपयोगी पडतो. अशा कफाला गोंडा किंवा लोंबती दोरी लावू नये, चेनमध्ये अडकण्याचा धोका आहे. विभागीय क्रीडा संकुलावर पहाटे चालायला येणारी वयस्क मंडळी हेही गिऱ्हाईक आहे.

एका बाबतीत मात्र सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. "लोकर आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो, फक्त अनामत भरा", अशा जाहिराती अधूनमधून फिरत असतात. पहिला माल नेऊन दिला की "टाके सारखे नाहीत" म्हणून परत केला जातो, आणि अनामत मागायला गेले की दाराला कुलूप असते. जो खरोखर काम देतो तो कारागिराकडून पैसे मागत नाही. तो लोकर तोलून देतो आणि माल तोलून घेतो. तुम्हीही तसेच करावे. किती ग्रॅम लोकर मिळाली ते वहीत लिहून देणाऱ्याची सही घ्यावी. तयार जोडी आणि उरलेली लोकर मिळून वजन तेवढेच भरले पाहिजे. पसंतीचा एक नमुना दोघांच्या सहीच्या चिठ्ठीसह आपल्याजवळ ठेवावा, म्हणजे "असे सांगितले नव्हते" ही सबब उरत नाही. मजुरी जोडीमागे किती आणि कोणत्या दिवशी, हेही त्याच चिठ्ठीवर यावे.

राहिला हंगाम. लोकर सप्टेंबरात घ्यावी, थंडी पडल्यावर रंग निवडायला उरत नाहीत. नमुन्याच्या दोन-तीन जोड्या ऑक्टोबरात तयार असाव्यात आणि ऑर्डर निम्मे पैसे आगाऊ घेऊनच लिहावी. संक्रांत झाली की मागणी बसते. त्यानंतर विणलेला माल पुढच्या वर्षापर्यंत पेटीत राहतो. तो खऱ्या लोकरीचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, डांबराच्या गोळ्या कागदात गुंडाळून सोबत ठेवाव्या.